सांगली-साताऱ्यातून काडतुसांचं पार्सल: कोणत्या खिडकीवर काय चालतं, काय नाही

परवान्याची बारा बोअरची बंदूक (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) साताऱ्याच्या घरी आहे, मुलगा पुण्यात राहतो आणि तीस-चाळीस काडतुसं त्याच्याकडे पोचवायची आहेत. किंवा वडील गेले, ट्रंकेत जुनी काडतुसं निघाली आणि परवाना आता विट्याच्या धाकट्या भावाच्या नावावर व्हायचा आहे. साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत कुठल्याही पार्सलच्या काउंटरवर हे काम सांगितलं, तर उत्तर एकच यायला हवं: नाही, हे आम्ही घेत नाही. खाजगी परवानाधारकाने जिवंत काडतूस पार्सलने पाठवायची सोय आपल्याकडे नाही. म्हणून इथे प्रत्येक सेवा दोन गोष्टींवर तोलली आहे: काडतुसाला ती किती स्पष्ट नकार देते, आणि बंदुकीच्या छंदातल्या बाकीच्या वस्तू किती नीट पोचवते. एक सेवा मात्र अशी आहे जी काडतुसांचं काम खरोखर करते. ती कुरिअरची नाही, परवानाधारक शस्त्र विक्रेत्याची आहे.

आधी हा नकार कुठून येतो ते बघू, कारण ते कळलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. परवाना माणसाच्या नावाने असतो, पेटीच्या नावाने नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ३ बंदूक आणि दारूगोळा मिळवणं, जवळ बाळगणं आणि घेऊन जाणं या तिन्हींना परवाना मागतं. पेटी काउंटरवर ठेवली की काडतुसं आधी पावती फाडणाऱ्या मुलाच्या ताब्यात जातात, मग गाडीवाल्याच्या, मग पुण्याच्या गोदामातल्या हमालाच्या, शेवटी दारात डिलिव्हरी देणाऱ्याच्या. यातल्या एकाकडेही परवाना नसतो. याच कलमात एक छोटी सवलत आहे आणि तिचाच उलटा अर्थ लावला जातो. परवानाधारक हजर असेल, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसरा माणूस बंदूक किंवा काडतुसं नेऊ शकतो. पण कामं तीनच: दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण, किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर. 'मी कुरिअरवाल्याला पत्र लिहून देतो' हे त्यात बसत नाही, कारण माल दुसऱ्याच्या घरी चाललेला असतो.

घेणाऱ्याकडे त्याच बोअरचा परवाना असला तरी प्रश्न सुटत नाही. स्वतःच्या वापरासाठी घेतलेली काडतुसं दुसऱ्या परवानाधारकाला विकणं किंवा देणं कलम ५ खाली येतं. त्यासाठी कोणाला देणार त्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारींना आधी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. भावाला, मित्राला, जावयाला पैसे न घेता दिली तरी ते देणंच. कलम ५ मोडून केलेल्या हस्तांतराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. काडतुसाचा एक डबा पोचवण्यासाठी एवढी जोखीम घ्यावी असं कोणतंच कारण नाही.

आता खिडक्यांकडे येऊ. टपाल खात्याची खिडकी या बाबतीत सगळ्यात सरळ आहे. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं, पण स्फोटक आणि धोकादायक वस्तू टपालात टाकायला १८९८ च्या कायद्यापासून मनाई आहे. तो कायदा जाऊन १८ जून २०२४ पासून नवा टपाल कायदा लागू झाला, तरी काडतुसांची मनाई तशीच आहे. 'आत काय आहे' हे विचारलं की खरं सांगायचं आणि नकार घेऊन परत यायचं. एवढ्या साध्या वागण्यासाठी टपालाला चांगले गुण द्यायला हवेत.

खाजगी कुरिअरचा नियमही नकाराचाच आहे. बहुतेक कंपन्यांच्या पावतीमागे बारीक अक्षरात शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं निषिद्ध असल्याचं छापलेलं असतं. अडचण नियमात नाही, काउंटरवर आहे. तालुक्याच्या गावातलं काउंटर बऱ्याचदा फ्रँचायझीवर चालतं, बसलेला मुलगा नवा असतो आणि पेटी बंद करूनच आणलेली असते. मग पावतीवर 'ऑटो पार्ट' किंवा 'लोखंडी सामान' असं काहीतरी लिहिलं जातं. हीच खरी चूक, आणि ती पाठवणाऱ्याची असते, कारण घोषणापत्रावर सही त्याची असते. पुढे क्ष-किरण यंत्रातून पेटी गेली की पितळी बूड आणि शिशाचे छर्रे काळेभोर उठून दिसतात. बारा बोअरच्या काडतुसाचा आकार ओळखायला फार अनुभव लागत नाही. पार्सल तिथेच अडतं, पोलिसांना कळवलं जातं आणि पावतीवरचं नाव-नंबर हातात असतोच. जमिनीवरून जाईल म्हणून बुक केलेलं पार्सलही वाटेत विमानात चढू शकतं, मग विमान सुरक्षेचे नियम वेगळे लागतात.

विमान वाहतुकीच्या भाषेत लहान शस्त्रांच्या काडतुसांना यूएन ००१२ क्रमांक आहे आणि वर्ग १.४एस. इथे बरेच जण अडखळतात. १.४एस म्हणजे स्फोटकांमधला सर्वात सौम्य गट. पेटीला आग लागली तरी धोका साधारण पेटीच्या आसपासच राहतो. नळीबाहेर फुटलेल्या काडतुसात दाब साठायला जागाच नसते, म्हणून गोळी फार लांब जात नाही. उलट हलकी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, फाटून तुकडे उडतात. पण सौम्य म्हणजे मोकळं नव्हे. वर्ग एकचाच आहे, स्फोटकांचा. पॉइंट २२ च्या, म्हणजे ०.२२ इंच नळीच्या बंदुकीच्या, काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, मध्यभागी नाही. सुट्टी काडतुसं एकमेकांवर आपटत गेली तर बुडाच्या कडेवर टोकदार आघात होऊ शकतो. बारा बोअरचा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टिकली, मध्यभागी असतो, तोही उघडाच. बोऱ्यात किंवा पिशवीत सुट्टी काडतुसं का टाकू नयेत, याचं कारण हेच.

इंटरनेटवर अमेरिकन व्हिडिओ बघून काही जण पेटीवर काळ्या टोकांचा चौकट-शंकरपाळ्याचा शिक्का छापून आणतात. तो 'मर्यादित प्रमाण' असल्याचा शिक्का तिथल्या जमिनीवरच्या वाहतुकीसाठी आहे. १ जानेवारी २०२१ पासून तिथे देशांतर्गत नियंत्रित मालाच्या जुन्या ओआरएम-डी खुणेच्या जागी तोच लागतो आणि पेटी ३० किलोपेक्षा जड चालत नाही. तिथलं टपाल खातंही काडतूस घेत नाही, हे मात्र त्या व्हिडिओंमध्ये फार वेळा सुटतं. सांगलीत या शिक्क्याने काहीही कायदेशीर होत नाही. उलट पेटीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, याचा पुरावा तेवढा तयार होतो.

एसटीचं पार्सल, ट्रकची ट्रान्सपोर्ट आणि मिरज जंक्शनचं रेल्वे पार्सल, तिन्हींबद्दल थोडक्यात: नको. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ प्रमाणे धोकादायक माल लेखी सूचना आणि खूण करून दिल्याशिवाय नेता येत नाही, आणि लपवून नेल्यास कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रस्त्यावरच्या मालवाहतुकीला २००७ चा कायदा लागतो आणि तोही धोकादायक माल ठरलेल्या पद्धतीशिवाय घेऊ देत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या पार्सल शेडमध्ये दिवसभर पडून राहणारी पेटी ही काडतुसाची जागाच नाही.

आता ज्या सेवेला खरोखर गुण द्यायचे ती, परवानाधारक शस्त्र विक्रेता. पार्सलच्या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर त्याच्याकडे आहे: पाठवू नका, जिथे लागणार तिथेच विकत घ्या. परवान्यावर लिहिलेल्या क्षेत्रात ते गाव येत असेल, तर साताऱ्याहून काडतुसं नेण्याऐवजी तिथल्या विक्रेत्याकडून घेणं स्वस्त, कायदेशीर आणि बिनघोर. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता आहे की संपूर्ण भारतासाठी, हे निघण्याआधी पुस्तिकेत बघून घ्या.

चांगला विक्रेता कसा ओळखायचा? तो मूळ परवाना मागतो, झेरॉक्सवर देत नाही. एकमेव ओळख क्रमांक म्हणजे यूआयएन आहे का, परवान्याची मुदत कधी संपते, बोअर काय, किती काडतुसांची परवानगी आहे आणि आधी किती घेतली, हे सगळं पाहून मगच डबा काढतो. दिल्यावर परवान्यावर तारीख, संख्या, शिक्का आणि सही करतो आणि स्वतःच्या नोंदवहीत उतरवतो. ही नोंद अपुरी राहिली तर नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांचा हिशेब जुळत नाही आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत फेऱ्या वाढतात. म्हणून काउंटर सोडण्याआधी परवान्यावरची संख्या आणि बिलावरची संख्या एकदा ताडून घ्या. वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याही हिशेब होईपर्यंत जपून ठेवलेल्या बऱ्या.

माल हातात घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, बोअर. बोअरचा आकडा मोठा तितकं काडतूस बारीक, म्हणून वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर ते कडेवर थांबत नाही, आत सरकून अडकतं. मागून बारा बोअर भरून उडवलं की नळी फुटते. बरेच कारखाने वीस बोअरची पुंगळी पिवळी ठेवतात ते याचसाठी. घरात दोन्ही बोअर असतील तर दोन डबे, दोन कप्पे, आणि पट्ट्यात कधीही मिसळ नाही.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि आपल्या भागात ती महत्त्वाची, कारण बऱ्याच घरांत आजोबांच्या काळातल्या दुनळ्या आहेत. जुन्या बारा बोअरच्या चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाची, लांबी पुष्कळदा अडीच इंच म्हणजे ६५ मिलिमीटर असते. आजची काडतुसं बहुधा ७० मिलिमीटरची. ही लांबी न फुटलेल्या काडतुसाची नसते, उघडल्यावर मोजलेल्या पुंगळीची असते. त्यामुळे लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसतं खरं, पण उघडताना तोंड पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. नळीच्या खालच्या बाजूला ठसा बघा, नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्या. तिसरी गोष्ट, छर्ऱ्याचा नंबर. एलजी, एसजी हे मोठे छर्रे आणि चार नंबरचे बारीक छर्रे यांचं काम वेगळं आणि पल्लाही वेगळा. आपल्याकडच्या सरकारी कारखान्याच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसतं, म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत आहे. ठसा जुन्या मालावरही तोच असल्यामुळे डब्यावरची तारीख बघणं अधिक उपयोगी.

या सेवेचा खरा उणेपणा अंतराचा. पाटण, जत किंवा आटपाडीकडच्या माणसाला विक्रेत्याकडे जायला दिवस जातो, आणि हवं ते काडतूस नेहमी शिलकीत असेलच असं नाही. जाण्याआधी फोन करून बोअर, लांबी आणि नंबर तिन्ही सांगून विचारावं. 'काडतुसं आहेत का' एवढंच विचारलं की 'आहेत' एवढंच उत्तर येतं, आणि पोचल्यावर बोअर जुळत नाही.

स्वतः नेणं हाच दुसरा मार्ग. परवानाधारकाने स्वतः, मूळ परवाना सोबत घेऊन, स्वतःच्या गाडीतून. बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या बंद डब्यात आणि बंदुकीपासून लांब. चारचाकीत डिकी बरी, पण ती उन्हात तासन्‌तास तापत ठेवू नका. काडतुसं छापील डब्यातच ठेवा, म्हणजे नाक्यावर विचारलं तर बोअर आणि संख्या लगेच दाखवता येते. बारा बोअरचं एक भरलेलं काडतूस साधारण ४५ ते ५० ग्रॅमचं, म्हणजे २५ काडतुसं सव्वा किलोच्या आतबाहेर. एवढ्या वजनाला पातळ पुठ्ठ्याचा खोका पुरत नाही, पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा कुलुपाचा डबा घ्या. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात जुन्या कागदी पुंगळीची काडतुसं ओल धरून फुगतात आणि चेंबरमध्ये बसत नाहीत. ती जोर लावून दाबू नयेत.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट आठवणीने करा. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सण, मोर्चे, निवडणुका यांच्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगून फिरायला बंदीचे आदेश निघतात. असा आदेश पंधरा दिवसांपर्यंतचा असतो, संपला की पुन्हाही निघतो. परवाना असूनही त्या काळात रस्त्यावर बंदूक नेणं अंगाशी येऊ शकतं. दोन्ही जिल्हे ओलांडायचे असतील तर दोन्हीकडचे आदेश बघा. निवडणुकीत कोणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीने शस्त्र जमा करायला सांगितलं असेल तर नेण्याचा विषयच संपतो. आणि परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

स्पर्धेला लांब जाणाऱ्या नेमबाजांसाठी विमानाची वाट उघडी आहे, पण ती पार्सलची नाही, प्रवाशाच्या सामानाची आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एका प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी १.४एस गटातली काडतुसं एकूण पाच किलोपर्यंत फक्त चेक-इन सामानात नेता येतात, तीही विमान कंपनीच्या आधीच्या परवानगीने. दोन प्रवाशांचे पाच-पाच किलो एका पेटीत एकत्र करता येत नाहीत. पॉइंट २२ चं एक काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आत, त्यामुळे ५०० चा संच डब्यासकट दोन किलोच्या आसपास बसतो. ५० मीटर रायफलच्या नेमबाजाला हे पुरतं. एखादी कंपनी यापेक्षा कडक अट लावू शकते. म्हणून तिकीट काढण्याआधी लेखी विचारा, तिकीट काढल्यावर नाही. कोल्हापूरहून लहान विमान पकडणार असाल तर हे दुप्पट खरं.

वारशाची काडतुसं हा वेगळा विषय. परवानाधारक गेले की त्यांचा परवाना घरच्यांना आपोआप लागू होत नाही. घरात उरलेली बंदूक आणि काडतुसं शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. पावतीवर फक्त 'काडतुसं' नको. बोअर, संख्या, बुडावरचा ठसा आणि अवस्था लिहून घ्या. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारस स्वतःच्या नावाने परवाना मागू शकतो. परवानाधारक हयात असतानाही त्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर वारसाला देण्याचा मार्ग आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्यांची संख्या मोठी असलेल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत हे अर्ज वेळेवर केले, तर पुढची धावपळ वाचते. जमा ठेवलेला माल मुदतीत सोडवला नाही तर तो जप्त होऊ शकतो. पावती कपाटात ठेवून विसरू नका.

ट्रंकेतून निघालेल्या काडतुसांवर हिरवा गंज चढला असेल, पुंगळी फुगली असेल किंवा प्रायमर बाहेर आला असेल, तर ती उडवून बघायची नाहीत आणि दारू काढायला उघडायचीही नाहीत. विहिरीत, कृष्णेत किंवा भंगारात टाकणं तर अजिबात नाही. भंगारवाला पितळ वितळवतो हे लक्षात घ्या. अशा काडतुसांसाठी ठाण्याला फोन करून माणूस बोलवावा, स्वतः दुचाकीच्या डिकीत घालून नेऊ नये. ठासणीची बंदूक असलेल्या घरात बंदुकीची काळी दारू आणि ठिणगीच्या टिकल्याही निघतात. त्या दोन्ही एकाच डब्यात ठेवू नका आणि ठाण्याला वेगवेगळ्या सांगा.

आता जे पार्सलने बिनदिक्कत जातं त्याकडे. सांगली-मिरजेच्या तरुण नेमबाजांचं सगळ्यात नेहमीचं पार्सल म्हणजे एअर रायफलचे छर्रे. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि छर्ऱ्यात दारूच नसते. तरीही पार्सल अडतं, आणि बहुतेक वेळा लिहिण्यात चूक असते. पावतीवर 'गोळ्या' लिहिलं की काउंटरवाला एकतर औषध समजतो नाहीतर बंदुकीची गोळी. लिहायचं असं: 'एअर रायफलचे शिशाचे छर्रे, ४.५ मिमी, दारू नाही'. आत आणि बाहेर बिलाची प्रत. क्ष-किरणात शिसं पूर्ण काळं दिसतं, तेव्हा बाहेरचं बिल उपयोगी पडतं.

बांधणीकडेही लक्ष हवं. ०.५३ ग्रॅमचे ५०० छर्रे म्हणजे २६५ ग्रॅम, वर डबा. दहा डबे घातले की तीन किलोच्या आसपास, आणि तेही विटेएवढ्या जागेत. अशी लहान पण जड पेटी हमालाच्या हातून निसटते आणि कोपऱ्यावर पडते. पडली की डब्याचं झाकण निघतं, छर्रे सुटतात आणि एकमेकांवर आपटून त्यांच्या मागच्या पातळ घेराला पोचे पडतात. पोचा पडलेला छर्रा नळीत नीट बसत नाही, वारा गळतो आणि निशाणावरच्या छिद्रांचा गट पसरतो. नेमबाज मग आठवडाभर रायफलचा दोष शोधत बसतो. म्हणून प्रत्येक डब्याच्या झाकणावरून आडवी आणि उभी चिकटपट्टी, आत फोमची चकती, डबा हलवल्यावर आवाज येता कामा नये. डबे उभे नव्हे, आडव्या थरात. पाच थरांचा पुठ्ठा, मोकळी जागा कागदाच्या बोळ्यांनी गच्च भरलेली, आणि सांध्यांवर इंग्रजी एच अक्षरासारखी पट्टी. खोका गरजेपेक्षा मोठा घेतला तर पैसेही जास्त जातात, कारण बरीच कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जे वजन जास्त तेच धरतात. छर्ऱ्यांत मात्र खरं वजनच भारी पडतं, म्हणून लहान पेटी. या कामाला स्पीड पोस्ट चांगली वाटते. खाजगी कुरिअरपेक्षा एखादा दिवस उशीर, पण आतल्या मालाबद्दल एकदा खरं लिहिलं की पुढे कटकट नाही.

एअरगनच पाठवायची असेल तर परवान्याची अट नसली तरी बरीच कुरिअर बंदुकीच्या आकाराची कुठलीही वस्तू नाकारतात. हा त्यांचा हक्क आहे, वाद घालू नका, आधी फोनवर विचारा. हवेचं सिलिंडर असलेली म्हणजे पीसीपी रायफल २०० बारपर्यंत भरलेली असते. ती पूर्ण रिकामी करून, सिलिंडर काढून वेगळं बांधायचं. भरलेलं सिलिंडर म्हणजे दाबाखालचा वायू, ते कोणी घेणार नाही आणि घेऊही नये. १२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या कुप्याही याच कारणाने विमानाच्या साध्या पार्सलमध्ये चालत नाहीत. बंदूक साफ करायचा स्प्रे ज्वलनशील वायूच्या डब्यात येतो, तो पार्सलमध्ये नको. बाटलीतल्या तेलासाठी काउंटरला विचारावं, आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून दोन पिशव्यांत बांधावं. गज, ब्रश, कापडाचे तुकडे, लाकडी दस्ता, निशाणाचे कागद, हे सगळं निर्धास्त जातं. दुर्बिणीत किंवा रेड डॉटमध्ये (लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या साधनात) सीआर २०३२ सारखी लिथियमची बटण-बॅटरी असेल तर ती काढून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि फॉर्मवर 'बॅटरी आहे' असं लिहा.

शेवटचं काम पेटी बंद करण्याआधीचं. बंदुकीचं कव्हर, शिकारीचं जुनं जाकीट, काडतुसांचा पट्टा किंवा सैन्यातली जुनी बॅग पाठवत असाल, तर प्रत्येक खिसा उलटा करा, अस्तर चाचपा, पट्ट्याच्या घरात बोट घाला. अस्तराच्या फाटेतून खाली सरकलेलं एक जिवंत काडतूस एवढ्याने सगळं पार्सल गुन्ह्याचं होतं. ताबा जाणूनबुजून होता की नाही, हा प्रश्न न्यायालयात विचारात घेतला जातो, पण तिथवर पोचेपर्यंत पोलीस ठाणं, वकील आणि तारखा यातून जावंच लागतं. बॅग जमिनीवर पालथी करून, झटकून, मगच भरा.